पर्यावरणातल्या संशोधनाचा रिव्ह्यू आणि सिंथेसिस कसा शिकायचा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एम.एस्सी.चं डेझर्टेशन, पीएच.डी.चं पहिलं वर्ष, किंवा एखाद्या संस्थेत "या विषयावर आजवर काय काय संशोधन झालंय ते बघून सांगा" असं काम अंगावर आलं की जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केलेत. काही उत्तरं लांब झालीत कारण तिथेच बहुतेकांची गाडी अडते.

लिटरेचर रिव्ह्यू तर थिसिसमध्ये सगळेच लिहितात, मग सिस्टिमॅटिक रिव्ह्यू वेगळा कसा?

थिसिसच्या दुसऱ्या प्रकरणात आपण आपल्याला माहीत असलेले, गाईडने सुचवलेले, चार ठिकाणी सापडलेले पेपर घेतो आणि पार्श्वभूमी उभी करतो. त्यात चूक काही नाही, त्याचं काम तेवढंच असतं. सिस्टिमॅटिक रिव्ह्यूमध्ये मात्र एक नेमका प्रश्न असतो आणि त्याचं उत्तर शोधायला कुठे सर्च करायचं, कुठले पेपर घ्यायचे, कुठले सोडायचे, कशावरून सोडायचे हे सगळं पेपर वाचायच्या आधी ठरवून लिहून ठेवलेलं असतं, म्हणजे उद्या तिसऱ्याच माणसाने त्याच वाटेने जायचं म्हटलं तर त्याला जाता आलं पाहिजे. किती पेपर वाचले यावर काही ठरत नाही. ३०० पेपरचा रिव्ह्यू मनाला येईल तसा केलेला असू शकतो आणि १२ पेपरचा अगदी चोख.

वैद्यकशास्त्रात हे आधी रुजलं, असे वैद्यकीय रिव्ह्यू करणारी कॉक्रेन ही संस्था १९९३ची. पर्यावरणाच्या क्षेत्रात २००४ मध्ये सदरलँड, पुलिन आणि सहकाऱ्यांनी एक पेपर लिहून विचारलं की निसर्ग संवर्धनाचे निर्णय आपण ऐकीव माहितीवर आणि वैयक्तिक अनुभवावर का घेतोय. त्यानंतर कोलॅबोरेशन फॉर एन्व्हायर्न्मेंटल एव्हिडन्स, म्हणजे सीईई, उभं राहिलं, त्यांची मार्गदर्शक तत्त्वं फुकट वाचायला मिळतात आणि या क्षेत्रात तीच प्रमाण मानतात.

हे नुसतं पद्धतीचं सोवळं वाटत असेल तर ब्रिटनमधल्या वटवाघळांचं उदाहरण बघा. रस्ता ओलांडताना वटवाघळं गाड्यांना धडकतात म्हणून रस्त्यांवर उंच तारांचे सांगाडे उभारले, कल्पना अशी की त्या तारांच्या आधाराने ती उंचावरून उडतील. बरीच वर्षं हे सांगाडे उभे राहत गेले. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात प्रत्यक्ष मोजणी केली तेव्हा दिसलं की बहुतांश वटवाघळं त्यांचा उपयोगच करत नाहीत, आपल्या जुन्याच वाटेने गाड्यांच्याच उंचीला उडत जातात. पैसा गेला आणि वटवाघळंही वाचली नाहीत. पुरावा आधी बघायचा तो यासाठी.

प्रश्न नेमका कसा करायचा? माझा विषय "शेतीचा नदीवर होणारा परिणाम" असा आहे.

हा विषय झाला, प्रश्न नाही. प्रश्नाचे चार भाग करून बघा: कशावर परिणाम (नदी, ओढा, जंगल, एखादी प्रजाती), कशाचा परिणाम (केलेला उपाय किंवा झालेलं प्रदूषण), कशाच्या तुलनेत, आणि काय मोजलं. उपाय असेल तर याला पीआयसीओ म्हणतात आणि प्रदूषणासारखा संपर्क असेल तर पीईसीओ, नावाचं फार मनावर घेऊ नका.

तुमच्याच विषयातून एक प्रश्न काढू: "शेत आणि ओढा यांच्या मध्ये झाडाझुडपांचा पट्टा राखला तर ओढ्यात पोचणारं नायट्रेट कमी होतं का, पट्टा नसलेल्या काठांच्या तुलनेत?" आता लगेच पुढचे प्रश्न सुटे होतात. नायट्रेट म्हणजे पाण्यातली तीव्रता की वर्षभरात वाहून आलेलं एकूण वजन? तुलना कोणाशी, पट्टा नसलेल्या शेजारच्या ओढ्याशी, की पट्टा लावायच्या आधीच्या त्याच ओढ्याशी? नुसतं गवत असलेला पट्टा चालेल का? पृष्ठभागावरून वाहणारं पाणी मोजलंय की जमिनीखालून झिरपणारं? हा शेवटचा मुद्दा बारीक वाटतो पण सगळं त्याच्यावर फिरू शकतं, कारण पट्ट्यातलं नायट्रेट मोठ्या प्रमाणात कमी होतं ते ओल्या, ऑक्सिजन कमी असलेल्या मातीतल्या जिवाणूंमुळे, आणि पाणी त्या थरातून गेलंच नाही तर पट्टा कितीही हिरवागार असो, नायट्रेट तसंच पुढे जाणार. म्हणजे प्रश्न ठरवतानाच विषयाचं ज्ञान लागतं, नुसता साचा भरून भागत नाही.

पण मला एवढा छोटा प्रश्न नकोय, अख्ख्या विषयाचा अंदाज हवाय.

मग सिस्टिमॅटिक मॅप करा. त्यात "परिणाम किती" हे विचारत नाही, "कशावर, कुठे, कोणत्या पद्धतीने काम झालंय आणि कुठे झालेलंच नाही" हे विचारतो. सर्च आणि स्क्रीनिंग (सापडलेल्यांतले कुठले पेपर घ्यायचे ते चाळणं) तितकंच काटेकोर, पण शेवटी आकडे एकत्र करायचे नसतात, एक शोधता येईल असा डेटाबेस तयार होतो. मोकळ्या जागा दिसायला याच्यासारखं साधन नाही, आणि पीएच.डी.चा प्रश्न शोधणाऱ्याला तर मी हेच सुचवेन.

सर्च स्ट्रिंग (डेटाबेसमध्ये टाकायची शब्दांची जुळणी) कशी बनवायची?

इथे वेळ घाला. स्ट्रिंग तिरकी झाली तर पुढचं सगळं काम तिरकं होतं, आणि ते नंतर कुठल्याही स्टॅटिस्टिक्सने सरळ होत नाही.

२०१९ मध्ये कीटकांच्या घटीवर एक रिव्ह्यू आला, जगातल्या ४० टक्के कीटक प्रजाती नामशेष होण्याच्या वाटेवर आहेत असं त्यात म्हटलं होतं, जगभर बातम्या झाल्या. त्यांनी डेटाबेसमध्ये शोधलेले शब्द होते कीटक, सर्वेक्षण आणि "घट". आता "घट" हा शब्द सर्चमध्येच घातला तर घट सापडलेले अभ्यास वर येणार आणि कीटक वाढले किंवा तेवढेच राहिले म्हणणारे बाहेर राहणार, यावर इतर शास्त्रज्ञांनी लगेच बोट ठेवलं. कीटक कमी होत नाहीयेत असा याचा अर्थ नाही, बऱ्याच ठिकाणी ते खरंच कमी होतायत, आणि म्हणूनच मला वाईट वाटतं की इतक्या महत्त्वाच्या विषयाला इतका कच्चा सर्च मिळाला. पुढच्याच वर्षी, २०२० मध्ये, १६६ दीर्घकालीन सर्वेक्षणं एकत्र करून दुसरा अभ्यास आला, त्यात जमिनीवरचे कीटक दशकाला साधारण ९ टक्के घटताना दिसले आणि गोड्या पाण्यातले साधारण ११ टक्के वाढताना. त्यावरही डेटा कसा निवडला याबद्दल टीका झाली. कुठला बरोबर हा वाद वेगळा, पण कुठले अभ्यास आत घेतले यावर चित्र किती बदलतं ते यात दिसतं.

तर नियम असा की परिणामाची दिशा सर्चमध्ये घालायची नाही. पट्ट्याच्या उदाहरणात "नायट्रेट" घाला, "कमी होणे" घालू नका. एकाच गोष्टीला लोक जेवढे शब्द वापरतात ते सगळे "किंवा"ने जोडा (पट्ट्यालाच इंग्रजीत चारपाच नावं आहेत), आणि वेगवेगळ्या कल्पना "आणि"ने. शब्दाच्या शेवटी चांदणी (*) लावून त्याची सगळी रूपं पकडता येतात पण ती फार आधी लावली तर भलतंच काहीतरी गोळा होतं, तेव्हा लावल्यावर निकाल बघा. सगळ्यात उपयोगाची युक्ती म्हणजे आधीच माहीत असलेल्या, नक्की हवेत अशा १५-२० पेपरची यादी करायची आणि स्ट्रिंग चालवून बघायचं की ते सगळे त्यात येतात का. एखादा नाही आला तर त्याच्या शीर्षकात आणि अ‍ॅबस्ट्रॅक्टमध्ये कुठले शब्द आहेत ते बघून स्ट्रिंग दुरुस्त करा. आणि प्रत्येक वेळी तारीख, डेटाबेस, पूर्ण स्ट्रिंग, निकालांची संख्या लगेच लिहून ठेवा, आठवड्याने आठवत नाही.

फक्त गुगल स्कॉलर वापरलं तर चालेल का?

तेवढ्यावर नाही. ते जास्तीत जास्त १००० निकाल दाखवतं, लांब स्ट्रिंग घेत नाही, आणि निकालांचा क्रम कसा लागतो ते आपल्या हातात नाही, त्यामुळे तोच सर्च दुसऱ्याने केला तर तेच येईल याची खात्री नाही. स्कोपस किंवा वेब ऑफ सायन्स या डेटाबेसच्या जोडीला मात्र ते चांगलं आहे, खासकरून अहवाल, प्रबंध वगैरे शोधायला. २०१५ मध्ये यावर अभ्यास झाला होता आणि त्यात पहिले २०० ते ३०० निकाल तपासावेत असं सुचवलंय. सबस्क्रिप्शन नसेल तर जे फुकट डेटाबेस मिळतात त्यातले दोनतीन घ्या आणि रिव्ह्यूमध्ये स्पष्ट लिहा की काय वापरलं आणि काय मिळू शकलं नाही.

जर्नलमध्ये न आलेले अहवाल, इतर भाषांतले पेपर घ्यायचे का? त्यांचा दर्जा कमी असतो ना?

घ्यायचे, आणि दर्जा प्रत्येकाचा वेगळा तपासायचा. दर्जा कमी "असतो" असं धरून चालणं हाच एक पूर्वग्रह आहे. उपाय चालला नाही, फरक दिसला नाही, असे निष्कर्ष जर्नलपर्यंत पोचायची शक्यता कमी असते, ते सरकारी खात्यांच्या आणि संस्थांच्या अहवालात पडून राहतात. ते सोडले तर तुमच्या रिव्ह्यूत उपाय आहे त्यापेक्षा जास्त गुणकारी दिसणार.

भाषेचंही तसंच. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जैवविविधता संवर्धनाच्या ७५ हजारांहून जास्त लेखांची मोजणी एका अभ्यासात केली तेव्हा ३५.६ टक्के इंग्रजीत नव्हते. म्हणजे तिनातला एक! आपल्याला ज्या इतर भाषा वाचता येतात त्यात तरी शोधाच, एखादी अजून भाषा येणारा माणूस टीममध्ये मिळाला तर फारच छान, आणि ज्या भाषा सोडल्या त्यांची नोंद करा.

प्रोटोकॉल (कामाचा आधीच लिहिलेला आराखडा) लिहायलाच हवा का? वेळ जातो त्यात.

हवा. आपण पेपर वाचायला लागलो की मत बनायला लागतं, आणि मग "हा अभ्यास जरा वेगळाच आहे, सोडून देऊ" असं म्हणताना तो आपल्याला न पटणारा आहे म्हणून सोडतोय हे आपलं आपल्यालाच कळत नाही. आधी लिहिलेला नियम तिथे हात धरतो. मध्येच बदल करावा लागला तर करा, बंदी नाही, फक्त काय बदललं आणि का ते जाहीर लिहा.

विश्लेषणातले छोटे निर्णय किती फरक पाडतात ते बघायचं असेल तर परिस्थितीशास्त्रात झालेला एक मोठा प्रयोग आहे, २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. १७४ टीम्सना तेच दोन डेटासेट आणि तेच प्रश्न दिले, आणि उत्तरं चांगलीच पसरली, काही तर उलट दिशेची आली. कोणी फसवत नव्हतं, प्रत्येकाने वेगळे पण समर्थनीय निर्णय घेतले होते.

नोंदणीसाठी सीईईचं प्रोसीड आहे, ओपन सायन्स फ्रेमवर्कही चालतं. प्रॉस्पेरोवर बरेच जण जातात पण तिथे आरोग्याशी संबंध असलेलेच विषय घेतात. प्रोटोकॉलमध्ये काय काय असायला हवं यासाठी रोझेस नावाचे फॉर्म आहेत, खास पर्यावरणासाठी बनवलेले, ते भरत गेलं की निम्मं काम होतं.

स्क्रीनिंग एकट्याने केलं तर?

पूर्ण एकट्याने नको. निदान काही भाग दुसऱ्या माणसाने स्वतंत्रपणे तपासावा आणि मग दोघांचं किती जुळलं ते बघावं. इथे नुसत्या टक्क्यांवर जाऊ नका. समजा १००० अ‍ॅबस्ट्रॅक्ट आहेत, दोघांनी प्रत्येकी ५० निवडले, आणि त्यातले फक्त १० दोघांत समान निघाले. ९१० दोघांनीही सोडले, म्हणजे ९२० ठिकाणी मत जुळलं, ९२ टक्के, वा! पण खरं बघितलं तर जे निवडायचे त्यावर दोघांचं अजिबात पटत नाहीये. योगायोगाने जुळणं वजा करणारा कॅपा काढला तर तो येतो फक्त ०.१६. साधारणपणे ०.६ च्या खाली असेल तर थांबून नियम पुन्हा लिहायचे असतात.

नियम लिहायचे म्हणजे आकडा वाढवायला एकमेकांचं बघून मत बदलायचं नाही. जिथे पटलं नाही ते पेपर समोर ठेवून बोला. बहुतेक वेळा कळतं की "पट्टा" म्हणजे काय हेच दोघांच्या डोक्यात वेगळं होतं. त्या वादातून नियम धारदार होतात, मला तर हा टप्पा शिकण्यासाठी सगळ्यात चांगला वाटतो.

त्यासाठी कुठली सॉफ्टवेअर?

संदर्भ सांभाळायला झोटेरो. स्क्रीनिंगला रायन किंवा कॅडिमा, कॅडिमा पर्यावरण आणि शेतीच्या रिव्ह्यूंसाठीच बनवलंय आणि फुकट आहे. एखाद्या पेपरचे मागचे-पुढचे संदर्भ काढायला सायटेशनचेसर. टीम छोटी असेल तर नीट बांधलेली स्प्रेडशीटसुद्धा चालते.

एआयकडून करून घेतलं तर?

कुठलं काम यावर अवलंबून आहे. एएसरिव्ह्यूसारखी साधनं तुमचे निर्णय बघून बाकीच्यांतले कामाचे वाटणारे अ‍ॅबस्ट्रॅक्ट वर आणतात, हजारोंच्या ढिगात त्याने खरंच वेळ वाचतो, फक्त कुठे थांबायचं हा नियम आधी ठरवा. चॅटबॉटला "या विषयावरचे पेपर दे" म्हणणं हा सर्च नाही, तो नसलेले पेपर खऱ्यासारखे सांगू शकतो आणि त्याची वाट दुसऱ्याला तपासता येत नाही. पर्यायी शब्द सुचवायला वापरा. आकडे काढायला वापरलात तर प्रत्येक आकडा मूळ पेपरशी ताडून बघायचा आणि वापरल्याचं लिहायचं.

पेपरचा दर्जा कसा ठरवायचा? इम्पॅक्ट फॅक्टर बघू का?

नाही. जर्नलचं नाव त्या एका अभ्यासाबद्दल काहीच सांगत नाही. अभ्यासाची रचना बघा.

पट्ट्याचंच घेऊ. एका अभ्यासात पट्टा असलेला एक ओढा आणि नसलेला एक ओढा, प्रत्येकातून ३० नमुने. लेखक म्हणतात नमुने ६०. पण पट्ट्याच्या दृष्टीने ओढे दोनच आहेत, आणि त्या दोन ओढ्यांत माती, उतार, खत असं हजार गोष्टींचं अंतर असू शकतं. याला स्यूडोरेप्लिकेशन म्हणतात, हर्लबर्टने १९८४ मध्ये यावर लिहिलं तेव्हापासून सगळ्यांना माहितीये आणि तरी अजून होतं. त्यापेक्षा भक्कम रचना म्हणजे उपायाच्या आधी आणि नंतर, उपाय केलेल्या आणि न केलेल्या अशा दोन्ही जागी मोजणं, त्याला बीएसीआय म्हणतात. जागा चिठ्ठ्या टाकल्यासारख्या यादृच्छिकपणे निवडल्या असतील तर अजून चांगलं, पण निसर्गात ते नेहमी जमत नाही.

रचना, जागांची निवड, मोजमापाची पद्धत, दुसरी कारणं, गाळलेला डेटा, असं एकेक तपासा आणि प्रत्येकाचा धोका वेगवेगळा लिहा. सगळ्यांना गुण देऊन बेरीज करू नका. दहापैकी सात मिळालेल्या अभ्यासात जी एक गोष्ट चुकली तीच जीवघेणी असू शकते. सीईईचं क्रिटिकल अप्रेझल टूल यासाठीच आहे.

डेटा काढताना हमखास काय चुकतं?

स्टँडर्ड एरर (सरासरीतली अनिश्चितता) आणि स्टँडर्ड डेव्हिएशन (नमुन्यांचे आकडे किती पसरलेत ते) यांची अदलाबदल. आलेखावरच्या उभ्या रेषा कशाच्या आहेत हे आकृतीखालच्या मजकुरात असतं, वाचल्याशिवाय पुढे जायचं नाही. एरर २ असेल आणि नमुने २५, तर डेव्हिएशन होतं १० (एरर गुणिले नमुन्यांचं वर्गमूळ). चुकून २ च लिहिलं तर तो अभ्यास आहे त्यापेक्षा पाचपट अचूक दिसतो आणि मेटा-अ‍ॅनालिसिसमध्ये (अनेक अभ्यासांचे आकडे एकत्र करण्यात) बाकीच्यांना दाबून टाकतो. आकडे फक्त आलेखात असतील तर वेबप्लॉटडिजिटायझरने काढता येतात. लेखकांना ईमेल करा, बरेच जण उत्तर देतात. आणि एकाच प्रकल्पाचे दोन पेपर दोनदा मोजले जात नाहीयेत ना ते बघा, जागेचं नाव आणि वर्ष जुळवलं की सापडतं.

१० पैकी ३ अभ्यासांत फरक दिसला, ७ मध्ये नाही. म्हणजे उपाय चालत नाही ना?

असं म्हणता येत नाही, आणि ही चूक छापील रिव्ह्यूंमध्येसुद्धा भरपूर दिसते. समजा उपाय खरंच चालतो, पण प्रत्येक अभ्यास इतका छोटा आहे की खरा फरक पकडायची त्याची शक्यता ३० टक्केच आहे. मग १० पैकी ३ मध्येच तो दिसणार, अगदी अपेक्षेप्रमाणे! "फरक दिसला नाही" याचा अर्थ फरक नाही असा नसतो, मोजमापात तो पकडायची ताकद नव्हती असाही असतो. हेजेस आणि ऑल्किन यांनी १९८० मध्येच दाखवलं होतं की अभ्यास छोटे असतील तर अशी मतमोजणी अभ्यास वाढत जातील तशी चुकीच्या उत्तराकडेच जास्त खात्रीने जाते. त्याऐवजी प्रत्येक अभ्यासात फरक किती आणि त्याची अनिश्चितता किती ते घ्या.

मेटा-अ‍ॅनालिसिस थोडक्यात समजावून सांगा.

प्रत्येक अभ्यासातून परिणामाचं एक माप काढायचं आणि अचूक अभ्यासांना जास्त वजन देऊन सरासरी काढायची. हे नाव जीन ग्लास यांनी १९७६ मध्ये दिलं. परिस्थितीशास्त्रात लॉग रिस्पॉन्स रेशो फार वापरतात: उपाय केलेल्या जागी सरासरी ३० आणि न केलेल्या जागी २० असेल तर गुणोत्तर १.५ आणि त्याचा नैसर्गिक लॉग सुमारे ०.४१. वेगवेगळ्या एककांतले अभ्यास यामुळे एकत्र आणता येतात. शून्य किंवा ऋण आकडे असतील तर मात्र हे माप चालत नाही.

पर्यावरणात रँडम इफेक्ट्स मॉडेलच घ्या, कारण प्रत्येक ठिकाणचा खरा परिणाम वेगळा असणार हे उघड आहे. एकाच पेपरमधून पाच आकडे घेतले तर ते एकमेकांपासून स्वतंत्र नसतात, त्यासाठी बहुस्तरीय मॉडेल लागतं. आर या स्टॅटिस्टिक्सच्या सॉफ्टवेअरमधलं मेटाफॉर पॅकेज हे सगळं करतं.

आता आय-स्क्वेअर. अभ्यासांमधला फरक नुसत्या योगायोगाच्या पलीकडे किती आहे ते यातून कळतं. परिस्थितीशास्त्रात तो ९० टक्क्यांच्या आसपास येणं अगदी सर्रास आहे, घाबरायचं कारण नाही, पण मग फक्त सरासरी सांगून थांबायचंही नाही. कुठे परिणाम मोठा आणि कुठे छोटा, का, हेच खरं विचारायचं असतं. पट्ट्याची रुंदी, मातीचा ओलावा, पाणी वरून वाहतं की खालून झिरपतं, असे घटक आधीच प्रोटोकॉलमध्ये लिहिलेले असतील तर त्यांनी फरक समजतो का ते तपासा. नंतर सुचलेले वीस घटक टाकून बघितले तर एखादा लागतोच, त्याला अर्थ नाही. आणि सरासरीबरोबर प्रेडिक्शन इंटरव्हल द्या, उद्या नव्या ओढ्यावर पट्टा लावला तर काय होऊ शकतं ते त्यातून कळतं, आणि जमिनीवर काम करणाऱ्याला तेच हवं असतं.

आकडे एकत्र करण्यासारखे नसतील तर?

तर करू नका. अभ्यास गटांत मांडा, परिणामाची दिशा, आकार आणि दर्जा एका तक्त्यात द्या, आणि गट का पाडले ते सांगा. जबरदस्तीने काढलेल्या सरासरीपेक्षा हे प्रामाणिक असतं.

पब्लिकेशन बायस (ठरावीक निकालच जास्त प्रसिद्ध होणं) असतो असं म्हणतात, तो आपल्या डेटात दिसतो का?

काही वेळा दिसतो. फनेल प्लॉटमध्ये (प्रत्येक अभ्यासाचा परिणाम आणि अचूकता यांचा आलेख) छोटे अभ्यास एका बाजूला झुकलेले दिसले तर शंका घ्यावी, तपासायला एगरची चाचणी आहे. पण अभ्यास दहापेक्षा कमी असतील तर तिच्यावर भिस्त ठेवू नका, आणि तिरकेपणाला दुसरीही कारणं असतात.

काळानुसार परिणाम कसा बदलतो तेही काढून बघा. समुद्राच्या आम्लीकरणामुळे माशांचं वागणं बिघडतं असे पहिले अभ्यास २००९-१० च्या सुमारास आले, परिणाम प्रचंड होता. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मेटा-अ‍ॅनालिसिसने दाखवलं की नंतरच्या दहा वर्षांत तो घटत घटत जवळजवळ शून्यावर आला, आणि मोठा परिणाम दाखवणारे अभ्यास बहुतेक छोट्या नमुन्यांचे, पण नामांकित जर्नलमध्ये आलेले होते. लक्षात घ्या, हे माशांच्या वागण्यापुरतं आहे. आम्लीकरणाचा प्रवाळांवर, शिंपल्यांवर होणारा परिणाम हा वेगळा प्रश्न आहे, दोन्ही एकत्र करून "आम्लीकरण खोटं" म्हणणारे भेटतात, त्यांना हे सांगा.

मागे घेतलेला पेपर चुकून आला तर?

येऊ शकतो, कारण मागे घेतल्यावरही लोक त्याचा संदर्भ देत राहतात. सूक्ष्म प्लास्टिक आणि माशांची पिल्लं यावरचा एक गाजलेला पेपर २०१६ मध्ये सायन्समध्ये आला आणि २०१७ मध्ये मागे घेतला गेला. झोटेरो अशा पेपरवर खूण दाखवतं. शेवटची यादी ठरली की एकदा आणि प्रसिद्ध करायच्या आधी पुन्हा एकदा तपासा.

किती वेळ लागतो? मला सेमिस्टरमध्ये संपवायचंय.

सीईईच्या पद्धतीने केलेल्या रिव्ह्यूंचा हिशोब २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला: सिस्टिमॅटिक रिव्ह्यूला सरासरी १६४ दिवस पूर्ण वेळ काम, मॅपला २११. एका सेमिस्टरमध्ये एकट्याने होणार नाही. प्रश्न अरुंद करा, किंवा रॅपिड रिव्ह्यू करा आणि कुठे काटछाट केली ते उघड लिहा (एकच डेटाबेस, एकानेच स्क्रीनिंग वगैरे). काटछाट केलेल्या रिव्ह्यूला सिस्टिमॅटिक म्हणू नका एवढीच विनंती, हा शब्द वाचून कोणीतरी त्यावर निर्णय घेणार असतं.

निष्कर्ष किती ठामपणे लिहायचा?

पुरावा जितका आहे तितकाच. "परिणाम होतो याचा पुरावा नाही" आणि "परिणाम होत नाही याचा पुरावा आहे" ही दोन वाक्यं पूर्ण वेगळी आहेत, आणि धोरण ठरवणारे पहिलं वाचून दुसरं समजतात, म्हणून अभ्यासच झालेले नाहीत असं असेल तर ते तसंच लिहा. हवामानबदलावरच्या आयपीसीसी या आंतरराष्ट्रीय समितीने शब्दांना आकडे बांधून दिलेत: त्यांच्याकडे "संभाव्य" म्हणजे ६६ ते १०० टक्के शक्यता, "अतिशय संभाव्य" म्हणजे ९० ते १००. तुम्ही तीच मोजपट्टी घ्यायला हवी असं नाही, पण "बहुधा" आणि "नक्की" तुम्ही कशाला म्हणता ते वाचणाऱ्याला कळू द्या.

माझं स्टॅटिस्टिक्स कच्चं आहे, सुरुवात कुठून करू?

स्टॅटिस्टिक्सपासून करूच नका. एन्व्हायर्न्मेंटल एव्हिडन्स या जर्नलमधला तुमच्या आवडीच्या विषयावरचा एक रिव्ह्यू घ्या, तो सगळ्यांना खुला आहे, आणि सोबतच्या फाइल्समध्ये घेतलेल्या-सोडलेल्या पेपरच्या याद्या, कारणं, काढलेला डेटा असं बरंच मिळतं. त्यांचे निवडीचे नियम वाचा आणि त्यांच्या यादीतले शंभर अ‍ॅबस्ट्रॅक्ट त्यांचे निर्णय न बघता स्वतः तपासा, मग ताडून बघा. कुठे चुकलं, का चुकलं ते लिहा. पुढच्या आठवड्यात त्यातल्या पाच पेपरमधून आकडे काढा आणि त्यांच्या तक्त्याशी जुळवा. त्यानंतर मेटाफॉर उघडा, त्यात सरावासाठी तयार डेटासेट दिलेले आहेत. एखादा मित्र किंवा मैत्रीण बरोबर असेल तर स्क्रीनिंग दोघांनी वेगवेगळं करा आणि कॅपा काढून बघा, पहिल्या फेरीत तो कमीच येतो, मग नियम दुरुस्त करून पुढचे शंभर घ्या.